मानमोडीतली खानेसुमारी, करोनातली गैरहजेरी

इंग्रजांच्या काळात जनगणनेची तारीख ठरवताना पंचांग उघडलं जाई. तेव्हा तिचं मराठी नाव होतं खानेसुमारी. सगळ्या देशाची डोकी एकाच रात्री मोजायची, म्हणून चांदणं हवं. जत्रा-उरूस नकोत, लग्नांची दाट तिथ नको, कारण माणूस आपल्या घरी सापडला पाहिजे. १८ मार्च १९२१ ही अशीच शोधून काढलेली रात्र होती. फाल्गुनातला शुद्ध पक्ष, होळीला पाच-सहा दिवस अवकाश.

साथ मात्र पंचांगात सापडत नाही.

१८८१ पासून भारतात दर दहा वर्षांनी मोजणी होत आली. या काळात साथीची आणि जनगणनेची मोठी गाठ तीनदा पडली : प्लेग, मानमोडी (१९१८ चा फ्लू) आणि करोना. पहिल्या दोन वेळा मोजणी झाली, तिसऱ्या वेळी झाली नाही. २०२० मध्ये जे थांबलं ते समजून घ्यायचं तर आधीच्या दोन वेळा काय झालं होतं हे पाहिलं पाहिजे. त्यातली पहिली गोष्ट मुंबईची आहे.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात मूळचे गोव्याचे डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे रुग्ण ओळखले आणि काही महिन्यांत मुंबई रिकामी होऊ लागली. कोकणचा माणूस बोटीने, घाटावरचा रेल्वेने, जमेल तसा गावी पळाला. १८९७ च्या सुरुवातीला साथरोग कायदा आला. (हाच कायदा महाराष्ट्राने मार्च २०२० मध्ये पुन्हा लागू केला.) पुण्यात गोरे शिपाई घरात शिरून रोगी शोधू लागले आणि २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली गेली. सरकारचा माणूस दारात आला की घरातलं माणूस उचलून नेतात, ही धास्ती त्या वर्षांत लोकांच्या मनात बसली. त्यानंतर चारच वर्षांनी, १ मार्च १९०१ ला, सरकारचा माणूस पुन्हा दारात उभा राहिला. या वेळी फक्त नाव-गाव लिहायला.

आकडे बघा. १८९१ मध्ये मुंबईची लोकसंख्या होती ८,२१,७६४. १९०१ मध्ये ती भरली ७,७६,००६. भरभराटीचं बंदर, गिरण्या चाललेल्या, आणि दहा वर्षांत माणसं कमी. यातली किती मेली आणि किती त्या रात्री फक्त गावी होती, हे त्या आकड्यावरून कळायला मार्ग नव्हता. मुंबईतल्या प्लेगचा जोर हिवाळा सरता सरता चढे, म्हणजे मोजणीची रात्र नेमकी पळापळीच्या हंगामात आली होती. हा आकडा शहराला इतका निरुपयोगी होता की १९११ ची वाट न पाहता १९०६ मध्ये मुंबईची मधलीच एक मोजणी झाली. ती निघाली ९,७७,८२२. पाच वर्षांत दोन लाखांची वाढ काही पाळण्यांतून आलेली नव्हती. माणसं परत आली होती, कामासाठी नवी येत होती. १९११ ला आकडा ९,७९,४४५ होता, म्हणजे १९०६ च्या जवळजवळ तेवढाच.

खेड्यांतली अडचण वेगळी होती. उंदीर पडू लागले की गाव घरं सोडून माळावर, शेतात झोपड्या घालून राही. खानेसुमारीच्या आधी काही आठवडे दारांवर गेरूने घरांचे आकडे घातलेले असत, आणि मोजणीच्या वेळी दाराला कुलूप, माणसं मैलभर लांब. रोग मोजणीला थेट अडवत नाही, तो माणसाला त्याच्या जागेवरून हलवतो. आणि जनगणना म्हणजे माणूस आणि जागा यांची जोडी लावणं. ही एक गोष्ट लक्षात ठेवली तर पुढचं बरंचसं आपोआप उलगडतं.

मानमोडी आली १९१८ मध्ये. जगाने तिला स्पॅनिश फ्लू म्हटलं. आपल्याकडे अंग मोडून मान टाकायला लावणारा ताप म्हणून मानमोडी. जूनमध्ये मुंबईच्या गोदीवर पहाऱ्याला असलेले पोलीस शिपाई आजारी पडले. ती लाट ओसरली आणि सप्टेंबरात दुसरी, खरी मारेकरी लाट उठली. त्याच वर्षी पाऊसही दगा देऊन गेला होता. मुंबई इलाखा आणि मध्य प्रांत-वऱ्हाड हे सर्वांत जास्त होरपळलेले प्रदेश, म्हणजे आजच्या महाराष्ट्राचा बहुतेक भाग त्यात आला.

मृत्यूंची नोंद तेव्हा गावपातळीवर होई. पाटील किंवा चौकीदार कळवणार, वर तालुक्याला आकडा जाणार. ऑक्टोबर १९१८ मध्ये कळवणारेच अंथरुणाला खिळले, काही मेले. जिथे घरटी माणूस गेलं तिथे नोंदवही कोण भरणार? त्यामुळे साथीतले मृत्यू सरकारी कागदावर पुरते उतरलेच नाहीत. ते उघडे पडले अडीच वर्षांनी, १८ मार्च १९२१ च्या रात्री. जनगणना आयुक्त जे. टी. मार्टेन यांनी नोंदलेले मृत्यू आणि मोजलेली माणसं यांचा मेळ घालून, नोंद कुठे किती कोसळली असेल याचा हिशेब करून, इन्फ्लुएन्झाचे बळी सव्वा कोटीच्या आसपास असावेत असा अंदाज मांडला. नंतरच्या अभ्यासकांनी तो पावणेदोन कोटींपर्यंतही नेला.

आजच्या भारताच्या हद्दीपुरतं पाहिलं तर १९११ मध्ये लोकसंख्या २५.२१ कोटी होती, १९२१ मध्ये २५.१३ कोटी. भारताच्या जनगणनेत घट दाखवणारं हे एकमेव दशक, म्हणून लोकसंख्याशास्त्राच्या पुस्तकांत १९२१ ला महाविभाजक वर्ष म्हणतात. दर हजार पुरुषांमागे स्त्रिया ९६४ वरून ९५५ वर आल्या. मानमोडीने तरुण वयातली माणसं जास्त नेली आणि त्यातही बायका जास्त. आजाऱ्याची उस्तवार करणारी, स्वतः शेवटी जेवणारी बाई त्या तापात आधी गेली, असं म्हणायला जागा आहे. मुंबई शहराचा आकडा मात्र १९२१ मध्ये ११,७५,९१४ वर चढला, साथ येऊन गेल्यावरही. युद्धाने गिरण्यांना काम दिलं होतं आणि दुष्काळाने माणसं शहराकडे ढकलली होती. नुसत्या शहराचा आकडा पाहणाऱ्याला मानमोडी दिसलीच नसती. ती दिसायला सगळा देश मोजावा लागला.

मोजणी त्यानंतरही अडचणींतूनच झाली. १९३१ ला सविनय कायदेभंग चालू होता आणि काँग्रेसने ११ जानेवारीचा रविवार जनगणना बहिष्कार दिन ठरवला होता. १९४१ ला महायुद्ध. मोजणी झाली, पण तक्ते बनवायचं काम पैशाअभावी आखडलं, आणि एका रात्रीची पद्धतही तेव्हाच सोडून दिली गेली. नंतर १९८१ ला आसामात आणि १९९१ ला जम्मू-काश्मीरमध्ये मोजणी होऊ शकली नाही. अख्ख्या देशाची खेप मात्र एकदाही चुकली नव्हती.

आता २०२०. २०२१ च्या जनगणनेचा इरादा मार्च २०१९ मध्येच राजपत्रात आला होता. २४ डिसेंबर २०१९ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने त्यासाठी ८,७५४ कोटी रुपये आणि राष्ट्रीय लोकसंख्या नोंदवहीसाठी (देशात राहणाऱ्या प्रत्येकाच्या यादीसाठी) ३,९४१ कोटी रुपये मंजूर केले. एप्रिल ते सप्टेंबर २०२० घरयादी, त्यात ३१ प्रश्न, आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये प्रत्यक्ष माणसांची गणना. ३० लाखांच्या आसपास प्रगणक आणि पर्यवेक्षक लागणार होते, त्यातले बरेचसे प्राथमिक शिक्षक. या वेळी पहिल्यांदाच कागदाऐवजी मोबाइल ॲप वापरायचं होतं. महाराष्ट्रात घरयादीचं काम मे महिन्यात सुरू व्हायचं होतं. २५ मार्चला, टाळेबंदीच्या पहिल्याच दिवशी, हे सगळं पुढे ढकलल्याचं जाहीर झालं.

त्या दिवशीचा निर्णय बरोबरच होता. प्रगणक घरी येतो म्हणजे उंबऱ्यात बसतो, वीस-पंचवीस मिनिटं बोलतो आणि दिवसभरात अशी पंधरा-वीस घरं करतो. एवढ्या माणसांना त्या एप्रिलमध्ये दारोदार पाठवणं म्हणजे साथ हाताने वाटणं झालं असतं. शिवाय मोजायचं कोणाला? मुंबई-पुण्याचे कामगार त्या वेळी नाशिकच्या रस्त्याने चालत होते. १९०१ चा मुंबईचा आकडा फसला तसाच, पण कितीतरी मोठ्या प्रमाणावर, २०२० चा फसला असता.

पुढचं मात्र सरळ नाही. सप्टेंबर २०२० मध्ये महाराष्ट्रात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहीम निघाली. आशा सेविका आणि स्वयंसेवक घरोघरी जाऊन ताप आणि ऑक्सिजन मोजत होते, कुटुंबात माणसं किती हेही लिहून घेत होते. त्याच वर्षी बिहारमध्ये विधानसभा निवडणूक झाली, पुढच्या वर्षी पश्चिम बंगालमध्ये. २०२२ पर्यंत शाळा उघडल्या, लग्नं धडाक्यात लागू लागली. तरी जिल्हे-तालुक्यांच्या हद्दी गोठवण्याची मुदत सहा-सहा महिन्यांनी पुढे जात राहिली, शेवटी ३० जून २०२४ पर्यंत. (हद्दी गोठल्याशिवाय गणना गट पाडता येत नाहीत, म्हणून मुदत वाढली की जाणकारांना कळे : आणखी निदान सहा महिने काही नाही.) लोकसंख्या नोंदवहीवरून साथीच्या आधीच वाद पेटला होता, केरळ आणि पश्चिम बंगालने तिचं काम थांबवलंही होतं. करोना हे पहिल्या दीड-दोन वर्षांचं कारण होतं. त्यानंतर त्याच्या नावावर उरलेली वर्षं खपवली गेली, असं माझं मत आहे.

कायद्याने आडकाठी केली नाही, कारण कायद्यात मुदतच नाही. १९४८ चा जनगणना कायदा म्हणतो की केंद्र सरकारला आवश्यक किंवा इष्ट वाटेल तेव्हा जनगणना करता येईल. दहा वर्षांचा शिरस्ता पडला तो रिवाजाने. अमेरिकेत तो राज्यघटनेतच आहे, म्हणून तिथे २०२० ची मोजणी रखडत, कोर्टकज्जे करत का होईना पण झाली, आणि राज्यवार आकडे डिसेंबरऐवजी एप्रिल २०२१ मध्ये आले. नंतरच्या पडताळणीत कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक लोक लक्षणीय प्रमाणात मोजायचे राहिल्याचं दिसलं. चीनने १ नोव्हेंबर २०२० ची तारीख पाळली. इंग्लंड-वेल्सने २१ मार्च २०२१ ला बहुतांशी ऑनलाइन मोजणी केली आणि ९७ टक्के घरांनी माहिती भरली. स्कॉटलंडने वर्षभर थांबायचं ठरवलं, आणि तिथे उरलेल्या देशाबरोबरची जाहिरात-जागृतीची लाट हुकल्यावर मुदत वाढवूनही प्रमाण ८९ टक्क्यांवर अडकलं. दक्षिण आफ्रिकेने २०२२ मध्ये मोजलं खरं, पण पडताळणीत ३१ टक्के लोक सुटल्याचं आढळलं. म्हणजे साथीत मोजणी रेटण्यालाही किंमत होती आणि थांबण्यालाही. आपल्या शेजारी नेपाळने पाच महिने थांबून नोव्हेंबर २०२१ मध्ये काम उरकलं, बांगलादेशाने जून २०२२ मध्ये.

इकडे २०११ चा आकडा ताणून वापरला जात राहिला. अन्नसुरक्षा कायद्याखाली धान्य मिळतं ८१.३५ कोटी लोकांना, कारण ग्रामीण ७५ आणि शहरी ५० टक्के हा कोटा २०११ च्या लोकसंख्येवर काढलेला आहे. वाढलेली लोकसंख्या धरली तर दहा कोटींहून जास्त माणसं त्याबाहेर राहतात, असं अर्थतज्ज्ञ ज्याँ द्रेझ आणि रितिका खेरा यांनी २०२० मध्येच मांडलं होतं. लसीकरणासाठी ९४ कोटी प्रौढ धरले गेले तेही प्रक्षेपणावरून. मुंबई महापालिकेत अंदाजित वाढ धरून प्रभाग २२७ चे २३६ झाले, सरकार बदलल्यावर पुन्हा २२७. नवा आकडाच नसल्यामुळे दोन्ही बाजूंना आपलं गणित बरोबर म्हणायची सोय होती. जानेवारी २०२६ ची निवडणूकही २०११ च्याच माणसांवर आखलेल्या प्रभागांत झाली.

आणि करोनाचे मृत्यू? जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२२ मध्ये २०२०-२१ या दोन वर्षांसाठी भारतात सुमारे ४७ लाख अतिरिक्त मृत्यूंचा अंदाज दिला. सरकारी आकडा पाच लाखांच्या आत होता आणि सरकारने तो अंदाज नाकारला. मार्टेन यांच्याकडे अशा वेळी निवाड्याला जी वस्तू होती, साथीनंतर लगेच मोजलेली माणसं, ती या वेळी कोणाकडेच नव्हती.

३० एप्रिल २०२५ ला जातनिहाय गणनेसह जनगणना करण्याचा निर्णय झाला आणि १६ जूनला अधिसूचना निघाली. एप्रिल ते सप्टेंबर २०२६ घरयादी, संदर्भ तारीख १ मार्च २०२७, आणि लडाख, जम्मू-काश्मीर, हिमाचल, उत्तराखंडातल्या बर्फाच्या भागांसाठी १ ऑक्टोबर २०२६. तुलनेचा रकाना आता दहाऐवजी सोळा वर्षांचा असेल. त्यातून दोन वर्षांची साथ वेगळी काढणं म्हणजे आटलेल्या दुधातून पाणी किती होतं ते सांगणं.

२०११ च्या तक्त्यात एक प्रश्न होता : याआधी कुठे राहत होता आणि इथे येऊन किती वर्षं झाली. तोच प्रश्न पुन्हा आला, तर २०२० मध्ये भिवंडीहून चालत गावी गेलेला आणि २०२२ मध्ये परतलेला यंत्रमाग कामगार सांगेल, गावाहून आलो, पाच वर्षं झाली. प्रगणक ॲपमध्ये ‘५’ दाबून पुढच्या प्रश्नाकडे वळेल.