जुना डेस्कटॉप प्रोसेसर व कमी विजेचा लॅपटॉप प्रोसेसर : तुलना

एके काळी वरच्या श्रेणीत गणलेला, भरपूर वीज घेणारा डेस्कटॉप प्रोसेसर आणि त्यानंतर काही वर्षांनी आलेला, साधारण १५ वॉटांत भागवणारा लॅपटॉप प्रोसेसर यांची कामगिरी ताडून पाहणे. जुना संगणक ठेवावा की त्याच्या जागी लॅपटॉप घ्यावा, हा प्रश्न बहुधा या तुलनेमागे असतो. ‘दोघांत वेगवान कोण?’ असे विचारले जाते. पण काम किती वेळ चालणार हे कळल्याशिवाय त्याचे उत्तर देता येत नाही.

इंटेलची एक जोडी यासाठी चांगली उपयोगी पडते. कोअर आय७-२६००के हा डेस्कटॉप प्रोसेसर जानेवारी २०११ मध्ये आला. कोअर आय७-८५५०यू हा लॅपटॉपचा प्रोसेसर २०१७ मध्ये. दोघांतही ४ कोअर (स्वतंत्रपणे गणना करणारे भाग), ८ थ्रेड (एकाच वेळी चालणारे कामाचे प्रवाह) आणि ८ एमबी कॅश (प्रोसेसरमधलीच वेगवान मेमरी) आहे. टर्बोचा, म्हणजे गरजेनुसार मूळ वेगाच्या वर चढवलेला, कमाल वेग अनुक्रमे ३.८ आणि ४.० गीगाहर्ट्झ. इथवर नवा प्रोसेसर किंचित सरसच वाटतो. मात्र मूळ वेग पाहिला तर ३.४ विरुद्ध १.८ गीगाहर्ट्झ, आणि टीडीपी (प्रोसेसरची बाहेर काढावी लागणारी उष्णता) ९५ विरुद्ध १५ वॉट. सगळी गोम या शेवटच्या दोन आकड्यांत आहे.

एवढी वीज वाचते कशी, याचे अर्धे उत्तर निर्मितीत आहे. पहिला प्रोसेसर ३२ नॅनोमीटर प्रक्रियेवर बनला, दुसरा १४ नॅनोमीटरवर, म्हणजे अधिक बारीक आणि कमी वीज घेणाऱ्या ट्रान्झिस्टरांचा. दरम्यान २०१२ पासून इंटेलने उभ्या पात्यासारखी रचना असलेले ट्रान्झिस्टर वापरायला सुरुवात केली होती. उरलेले अर्धे उत्तर भौतिकीत आहे. ट्रान्झिस्टरांच्या उघडझापीत खर्च होणारी वीज क्लॉकच्या (प्रोसेसरच्या ठोक्यांच्या) वेगाच्या आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते. वेग वाढवायचा तर व्होल्टेजही वाढवावे लागते, म्हणून खर्च वेगाच्या जवळजवळ घनाच्या प्रमाणात चढतो. ढोबळ हिशेबाने वेग वीस टक्क्यांनी उतरवला की वीज निम्म्यावर येते. डेस्कटॉप प्रोसेसर या चढाच्या अगदी वरच्या टोकाला चालवले जात, कारण तिथे वीज आणि पंखा दोन्हींची ददात नव्हती. म्हणून ९५ वॉट म्हणजे सहापट काम, असा अर्थ काढणे चुकीचे आहे.

गंमत अशी की खुद्द २६००केच्या वंशावळीत लॅपटॉपच आहे. २००४ मध्ये ३१ टप्प्यांची पाइपलाइन (प्रत्येक सूचना टप्प्याटप्प्याने पार पाडणारी साखळी) घेऊन आलेला प्रेस्कॉट पेंटियम ४ वेगाच्या मागे लागून उष्णतेपुढे अडला. त्याच्या वरच्या मॉडेलांची टीडीपी ११५ वॉट होती. लॅपटॉपसाठी २००३ मध्ये काढलेला पेंटियम एम मात्र कमी क्लॉकवर चांगले काम करत होता. पुढे त्याचीच विचारसरणी २००६ च्या कोअर २ मध्ये आणि तिथून पुढच्या कोअर पिढ्यांत उतरली.

आता वेळेचा मुद्दा. टीडीपी हा मुख्यतः उष्णता बाहेर काढण्याच्या व्यवस्थेसाठी दिलेला आकडा आहे. टर्बोच्या काळात लॅपटॉप प्रोसेसर १५ वॉटांपेक्षा बरीच जास्त वीज ओढतो; काही सेकंद उलटले की फर्मवेअर (यंत्रातच बसवलेले नियंत्रक सॉफ्टवेअर) त्याला ठरलेल्या मर्यादेत आणते. वेबपान उघडणे, मोठा तक्ता पुन्हा गणणे, फोटोवर एखादा परिणाम लावणे ही कामे तोवर संपलेली असतात, आणि त्यांत ८५५०यू पुढे राहतो. एका क्लॉकमध्ये तो अधिक काम उरकतो. अर्धा तास चालणारे व्हिडिओ एन्कोडिंग किंवा थ्रीडी रेंडरिंग सुरू केले की चित्र पालटते. लॅपटॉपचा वेग पायऱ्यापायऱ्यांनी खाली येतो, तर २६००के चारही कोअर ३.५ गीगाहर्ट्झवर, कूलर धड असेल तर, हवा तितका वेळ चालवतो. त्यात ‘के’ मालिकेचा गुणक (क्लॉकचा वेग ठरवणारा आकडा) खुला, म्हणजे बदलता येण्याजोगा, असल्याने अनेकांनी तो साडेचार गीगाहर्ट्झच्या आसपास नेऊन वर्षानुवर्षे वापरला. तरीही अशा कामांत जुन्याचा विजय ठरलेला नसतो. त्याच्याकडे एव्हीएक्स (एकाच सूचनेत अनेक आकड्यांवर काम करण्याची सोय) आहे, पण २०१३ मध्ये आलेले एव्हीएक्स२ नाही. ज्या एन्कोडरांना त्याचा फायदा होतो, तिथे फरक पुसला जाऊ शकतो.

एकच प्रोसेसर असलेले दोन लॅपटॉपही सारखे नसतात. ८५५०यूची मर्यादा लॅपटॉपचा निर्माता १० ते २५ वॉटांदरम्यान ठरवू शकतो, आणि खोक्यावर हे लिहिलेले क्वचितच आढळते. मेमरीचेही तसेच. दोन चॅनेलांवरची (प्रोसेसरकडे जाणाऱ्या दोन वाटांवरची) डीडीआर३-१३३३ मेमरी सेकंदाला सुमारे २१ जीबी माहिती पोहोचवते. डीडीआर४-२४०० दोन चॅनेलांवर सुमारे ३८ जीबी देते. पण लॅपटॉपमध्ये मेमरीची एकच पट्टी, म्हणजे एकच चॅनेल, असेल तर १९ जीबी, म्हणजे जुन्या डेस्कटॉपपेक्षाही कमी. याचा फटका आतल्या ग्राफिक्सला सर्वांत जास्त बसतो.

व्हिडिओ पाहण्यात नवा सरळ जिंकतो. दहा-बिट एचईव्हीसी आणि व्हीपी९ (व्हिडिओ दाबून साठवण्याच्या पद्धती) उलगडण्यासाठी त्यात स्वतंत्र सर्किट आहे; २६००केच्या काळात एच.२६४ या जुन्या पद्धतीची सोय होती, पण या दोन्हींची नव्हती, त्यामुळे वेगळे ग्राफिक्स कार्ड नसेल तर फोरके व्हिडिओचा सगळा भार कोअरवर पडतो. उलट डेस्कटॉपमध्ये असे कार्ड केव्हाही बसवता येते. सॉफ्टवेअरच्या आधाराचा निकालही स्पष्ट आहे : विंडोज ११ चालवण्यास पात्र प्रोसेसरांच्या यादीत ८५५०यू आहे, २६००के नाही, आणि विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला.

वयातले अंतर आणखी वाढले की वेळेची अटही गळून पडते. नोव्हेंबर २०२० मध्ये आलेला ५ नॅनोमीटरचा ॲपल एम१ पंख्याविना चालणाऱ्या मॅकबुक एअरमध्येही २६००केला छोट्या आणि लांबलचक, दोन्ही कामांत मागे टाकतो. २०११ विरुद्ध २०१७ सारख्या जवळच्या जोड्यांत मात्र एका मिनिटात संपणारी चाचणी पुरेशी नसते. चाचणी निदान दहा-पंधरा मिनिटे सलग चालवावी लागते, आणि लॅपटॉपच्या बाबतीत एकदा चार्जर लावून व एकदा बॅटरीवर, कारण अनेक लॅपटॉप बॅटरीवर असताना विजेची मर्यादा आपणहून उतरवतात.