मिस्त्रीच्या हातातली गाडी: फियाटपासून स्कॅनरपर्यंत

भरवशाची गाडी कोणती विचारलं की आज आपण जी बंद पडत नाही ती सांगतो. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी गाडी बंद पडणारच हे धरूनच लोक निघायचे, प्रश्न एवढाच असायचा की रस्त्यात दुरुस्त होईल का.

बाजारात गाड्याच मोजक्या होत्या. कुर्ल्याच्या कारखान्यातली फियाट, जी पुढे प्रीमियर पद्मिनी झाली, आणि अ‍ॅम्बेसेडर, मूळची ब्रिटिश मॉरिस ऑक्सफर्ड, ती तर २०१४ पर्यंत निघत होती. वर्षानुवर्षं तेच डिझाइन, त्यामुळे मिस्त्रीने एक गाडी उघडली की सगळ्या उघडल्यासारख्या. पद्मिनीचं इंजिन १०८९ सीसीचं, बॉनेट उघडलं की हात घालायला ऐसपैस जागा. उन्हाळ्यात घाट चढताना वेपर लॉक व्हायचा, म्हणजे इंजिनच्या गरमीने पंपातच पेट्रोलची वाफ आणि कार्ब्युरेटर, म्हणजे हवा-पेट्रोल मिसळून इंजिनला देणारा भाग, कोरडा, मग फडकं भिजवून पंपावर ठेवायचं नि थोडं थांबायचं. मिसिंग असेल, म्हणजे इंजिन अडखळत चालत असेल, तर ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरची टोपी काढून आतले पॉइंट (विजेची जोड उघडणारे-मिटणारे संपर्क) घासायचे, फीलर गेजने म्हणजे मापाच्या पातळ पट्टीने गॅप लावायची, झालं. टॅपेट (व्हॉल्व्ह हलवणारा भाग) वाजतोय की बेअरिंग हे चांगला मिस्त्री नुसत्या आवाजावरून सांगायचा, ही खरी विद्या होती.

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि सगळंच बदललं. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, सुझुकीचं इंजिन, सकाळी एका सेल्फमध्ये चालू! आणि कार्ब्युरेटर अजून होताच, त्यामुळे मिस्त्रीचा हातही चालत होता. माझ्या मते मालक आणि मिस्त्री दोघांसाठी सगळ्यात सुखाचा काळ तोच.

२००० च्या सुमारास प्रदूषणाचे नियम कडक झाले, कार्ब्युरेटर जाऊन एमपीएफआय आलं, म्हणजे संगणकाच्या हुकमाने प्रत्येक सिलिंडरला पेट्रोल फवारणारी यंत्रणा, सेन्सर आले, मग २०१० नंतर ओबीडी, म्हणजे गाडीने स्वतःचे दोष कोडमध्ये नोंदवणं, आणि १ एप्रिल २०२० ला प्रदूषणाच्या बीएस ४ नियमांवरून थेट बीएस ६. हवेसाठी हे गरजेचंच होतं, पण कानाची जागा ते कोड वाचणाऱ्या स्कॅनरने घेतली. बरं, स्कॅनर कोड दाखवतो, कारण नाही दाखवत. कोड सेन्सरचा येतो, लोक महागडा सेन्सर बदलतात आणि दोष निघतो उंदराने कुरतडलेल्या वायरमध्ये, तो मल्टिमीटर घेऊन शांतपणे शोधणारा मिस्त्री आजही लागतोच.

म्हणून ज्याचा स्वतःचा हात चालतो त्याने जुनी गाडी घ्यायची तर माझी पसंती कार्ब्युरेटरवाली ८०० किंवा महिंद्राची एमएम ५४० जीप, तिच्यातलं प्यूजोचं डिझेल इंजिन पूर्ण मेकॅनिकल, बॅटरी उतरली तरी ढकलून चालू होतं. पद्मिनी मनाला कितीही आवडली तरी २०२३ मध्ये मुंबईतल्या तिच्या टॅक्सीही गेल्या, पार्ट शोधण्यात दिवस जातात. आणि गाडी बघायला गेलात की इंजिन नंतर, आधी टॉर्च घेऊन खाली झोपा नि पत्रा बघा, इंजिनमधल्या पिस्टनच्या रिंगा घरी बदलता येतात, सडलेली चासी नाही.