कुशावर्तापासून कुशावर्तापर्यंत

श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारची ब्रह्मगिरीची फेरी करून नाशिकला परतलो, तर घरच्या ग्रुपवर एक व्हिडिओ येऊन पडलेला. ‘डोपामिन म्हणजे आनंदाचं रसायन. एक दिवस मोबाइल, गोड, गप्पा सगळं बंद ठेवा, मेंदूतलं डोपामिन धुऊन निघेल.’ पाय ठणकत होते, तरी लिहायला बसलो. कारण रात्रभर आम्हाला चालतं ठेवणारं रसायन हेच, आणि त्याचं मुख्य काम आनंद देणं हे नाही.

त्र्यंबकेश्वरला कुशावर्तावर स्नान करायचं, ब्रह्मगिरी उजव्या हाताला ठेवत सुमारे २० किलोमीटर चालायचं आणि पुन्हा कुशावर्तावरच यायचं. जिथून निघालो तिथेच पोचण्यासाठी माणसं चिखल तुडवत रात्र काढतात. श्रद्धा तर आहेच. पण पाऊल पुढे टाकत राहण्याची ओढ मेंदूत कशी तयार होते, हे मला फार विलक्षण वाटतं.

वोल्फ्राम शुल्त्झ या शास्त्रज्ञाने माकडांच्या मध्यमेंदूतल्या एकेका डोपामिन पेशीचे विद्युत संकेत टिपले. माकडाला आधी खूण दिसायची, मग तोंडात फळाच्या रसाचा थेंब पडायचा. सुरुवातीला रस मिळताच पेशी जोरात संकेत देत. खुणेचा अर्थ कळल्यावर मात्र त्या खूण दिसताच उसळू लागल्या आणि रस आला तेव्हा गप्प राहिल्या. रस तोच, गोडी तीच! खूण दाखवून रस दिलाच नाही, तर तो यायच्या नेमक्या क्षणी पेशींचा नेहमीचा ठेका मंदावायचा.

म्हणजे या पेशी वजाबाकी करतात: मिळालेलं वजा अपेक्षित. बाकी धन आली तर ठेका वाढतो, ऋण आली तर घटतो, शून्य आली तर तसाच राहतो. १९९७ मध्ये शुल्त्झ, पीटर दयान आणि रीड मॉन्टेग्यू यांनी दाखवलं, की संगणकाला अनुभवातून शिकवण्याच्या एका सूत्रात हीच वजाबाकी क्षणोक्षणी होते. त्या सूत्रात ‘अपेक्षित’ म्हणजे फक्त शेवटचं बक्षीस नव्हे. पुढच्या प्रत्येक क्षणाचा अंदाज त्यात येतो आणि नव्या खुणेसरशी बदलतो. २०१३ मध्ये ॲन ग्रेबिएल यांच्या प्रयोगशाळेला आणखी एक गोष्ट दिसली. चक्रव्यूहात उंदीर लांबच्या खाऊकडे जाताना डोपामिन हळूहळू चढत जातं. हा चढ त्या वजाबाकीचाच की निराळा, यावर संशोधकांत वाद आहे.

मग आनंदाचं काय? केंट बेरिज यांनी डोपामिन जवळजवळ नष्ट झालेले उंदीर तपासले. समोर अन्न असूनही ते खायला जात नसत. पण जिभेवर साखरपाणी सोडलं की चवीने ओठ चाटत. आवडणं शाबूत होतं, हवंसं वाटणं गेलं होतं. पार्किन्सन्समध्ये डोपामिन पेशी मरतात तेव्हा माणसाला पाऊल उचलणंसुद्धा जड जातं. तेव्हा डोपामिन ‘धुऊन काढा’ म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. मोबाइल जरूर बाजूला ठेवा, पण मेंदूत धुण्याजोगं काही साचलेलं नसतं.

फेरीत एकजण सांगत होते, की डोंगरातल्या दिव्य लहरींमुळे इथे थकवा येत नाही. ब्रह्मगिरी हा बेसाल्टचा, लाव्हाच्या थरांचा डोंगर आहे. त्यातून अशा लहरी निघत नाहीत, आणि थकवा येतो.

माझा भाचा पहिल्यांदाच आला होता. सुरुवातीला दर दहा मिनिटांनी ‘मामा, किती राहिलं?’ मी किलोमीटर सांगायचो आणि त्याचा चेहरा पडायचा. मग मी त्याच्या हातात टॉर्च दिला. भातखाचराच्या बांधावर खेकडा दिसला. पुढे तेरडा फुललेला, एका घरातून न मागता आलेला चहा, ढग फाटून क्षणभर उघडा पडलेला कडा. यातलं काहीच त्याने धरून ठेवलेलं नव्हतं, म्हणून प्रत्येक वेळी बाकी धन येत असणार. उंदरा-माकडांवरून भाच्यापर्यंतची ही उडी माझी आहे, पण ‘किती राहिलं’ बंद झालं हे खरं.

पहाटे कुशावर्ताच्या पायऱ्या आल्या. त्याने पाय धुतले आणि ‘आलो का?’ एवढंच विचारलं. परतीच्या बसमध्ये मात्र खिडकीच्या धुरकटलेल्या काचेवर बोटाने तो खेकडा काढत होता, एक नांगी मोठी, एक लहान.