बीज प्रायमिंग (क्षारपड जमिनीतील भाजीपाला)

पेरणीपूर्वी बियाण्याला मोजके पाणी पाजून उगवणीची आतली तयारी सुरू करून द्यायची आणि मूळ बाहेर पडण्याआधीच ते सावलीत सुकवायचे, या प्रक्रियेस बीज प्रायमिंग म्हणतात. मटकीला मोड आणताना आपण कोंब दिसेपर्यंत थांबतो. येथे त्याच्या अलीकडेच थांबायचे असते. क्षारपड जमिनीत भाजीपाल्याची उगवण उशिरा व विरळ होते. त्यावर शेतकऱ्याला घरच्या घरी करता येईल असा हा उपाय आहे.

कोरडे बी पाण्यात पडले की पहिले काही तास भराभर पाणी ओढते. मग वजन वाढणे जवळजवळ थांबते. बाहेरून काही दिसत नाही, पण आत डीएनएची दुरुस्ती, विकरांची (रासायनिक क्रिया घडवणाऱ्या प्रथिनांची) निर्मिती आणि साठवलेल्या अन्नाचे विघटन चालू असते. तिसऱ्या टप्प्यात पुन्हा पाणी शोषले जाते आणि मूळ टरफल फोडते. दुसऱ्या टप्प्यात बी सुकवले तर झालेली तयारी बव्हंशी टिकते. मूळ फुटल्यावर सुकवले तर बी वाया जाते. नॉटिंगहॅम विद्यापीठातील वॉल्टर हायडेकर व सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये पॉलिएथिलीन ग्लायकॉलच्या (बियात पाणी सावकाश शिरू देणाऱ्या रसायनाच्या) द्रावणात बी ठेवून उगवणीचा वेग वाढवता येतो हे दाखवले आणि तेव्हापासून ही पद्धत रूढ झाली.

क्षारांचा पहिला मार बियाण्यालाच बसतो. जमिनीतले पाणी बाष्पीभवनाने वर खेचले जाते आणि क्षार वरच्या दोन-चार सेंटिमीटरांत साठतात, म्हणजे नेमके बी असते तिथे. खारट ओलावा बियाला सहज ओढता येत नाही. पुढे सोडियम व क्लोराइड कोवळ्या मुळाला इजा करतात. पाण्याने पूर्ण भिजवलेल्या मातीतून काढलेल्या पाण्याची, म्हणजे संपृक्त अर्काची, विद्युतवाहकता क्षारांचे प्रमाण दाखवते; ती ४ डेसिसिमेन्स प्रति मीटरपेक्षा जास्त असली की जमीन क्षारयुक्त समजतात. पण घेवडा व गाजराचे उत्पादन १ च्या पुढे, कांद्याचे १.२ च्या पुढे आणि मिरचीचे १.५ च्या पुढेच घटू लागते. टोमॅटो २.५ पर्यंत तग धरतो. बीट मोठेपणी ४ पर्यंत सोसते, मात्र उगवताना ३ च्या वर त्यालाही जड जाते. प्रायमिंगचे मोल या फरकात आहे: बी अवघड टप्पा गोड्या पाण्यात पार करून मातीत जाते.

पुणे जिल्ह्यात हा प्रश्न नवा नाही. नीरा डाव्या कालव्याचे पाणी आल्यावर बारामती परिसरातील काळ्या जमिनी पाणथळ होऊन त्यांवर पांढरा थर दिसू लागला. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरल्ड मान यांनी विसाव्या शतकाच्या आरंभीच नीरा खोऱ्यातील या खारवट जमिनींचा अभ्यास केला होता. क्षार, दुष्काळ, उष्णता अशा पिकांवरील निर्जीव कारणांच्या ताणांवर काम करणारी राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था २००९ पासून बारामतीजवळ माळेगाव येथे आहे.

नुसत्या पाण्यात भिजवणे ही सर्वांत सोपी रीत. पोटॅशियम नायट्रेट किंवा कॅल्शियम क्लोराइडचे सौम्य द्रावण वापरल्यास पाणी सावकाश शिरते. कॅल्शियम पेशीपटलांना (पेशींच्या पातळ आवरणांना) सोडियमपासून सावरतो. जिबरेलिक आम्ल व सॅलिसिलिक आम्ल ही वनस्पतींतील संप्रेरके आणि ट्रायकोडर्मा या उपयुक्त बुरशीसारखी जैविक संवर्धनेही वापरतात. विहिरीचे पाणी मचूळ असेल तर भिजवायला ते घेऊ नये. किती तास भिजवायचे हे पीक, वाण आणि तापमान यांवर ठरते, म्हणून आधी मूठभर बी भिजवून पहिले मूळ कधी दिसते ते पाहावे आणि त्याच्या बऱ्याच आधी बी काढावे. भिजवण्यापूर्वी वजन करून ठेवावे. सावलीत पसरलेले बी पुन्हा त्याच वजनावर आले की सुकले असे समजावे. भेंडी, गवार, काकडी, पालक, गाजर अशा थेट पेरल्या जाणाऱ्या पिकांना शेतात याचा सरळ फायदा होतो, नांग्या भरण्याचे (न उगवलेल्या जागी पुन्हा बी लावण्याचे) काम कमी होते. टोमॅटो, मिरची, कोबी यांचा लाभ रोपवाटिकेत मिळतो. पेरतानाही जागा महत्त्वाची: सरीचे पाणी वर चढताना क्षार वरंब्याच्या माथ्यावर आणून सोडते, त्यामुळे बी माथ्यावर न टोकता बगलेला टोकावे.

प्रायमिंगने जमिनीतला कणभरही क्षार कमी होत नाही. पाणथळ रानाला निचऱ्याचे चर हवेत, चोपण (सोडियम वाढून घट्ट झालेल्या) जमिनीला जिप्सम व धैंचा-तागाचे हिरवळीचे खत हवे, आणि पैसा आधी तिथेच घालावा. चोपण मातीवर कडक पापुद्रा धरला असेल तर जोमदार अंकुरही खालीच अडकतो.

बुरशीनाशक लावलेले रंगीत बी भिजवू नये. औषध धुऊन जाते व ते पाणी विषारी असते. काही कंपन्यांचे बी मुळातच प्रायमिंग केलेले येते, तेव्हा पाकीट वाचून घ्यावे. प्रायमिंग केलेल्या बियाची साठवणक्षमता सहसा घटते; म्हणून त्या पेरणीला लागेल तेवढेच बी भिजवावे आणि वाफसा (मातीत पेरणीजोगी ओल) असताना लगेच पेरावे.