इंधनकांडी ‘फेल’ होते म्हणजे काय होतं?

भोसरी-चिंचवडच्या कारखान्यात ‘पार्ट फेल झाला’ म्हटलं की तो तुकडे होऊन टेबलावर आलेला असतो. भिंगाखाली धरायचा, भेग कुठून सुरू झाली ते शोधायचं. अणुभट्टीतली कांडी (युरेनियमच्या गोळ्या भरलेली बंद धातूची नळी) फेल होते तेव्हा ती बहुधा जागच्या जागी, अख्खी असते. आवरणाला केसभर चीर किंवा टाचणीच्या टोकाएवढं भोक पडलेलं असतं, इतकंच. पुण्यात या विषयावर बोलताना निम्मा वेळ याच शब्दाच्या खुलाशात जातो.

तारापूरच्या पहिल्या दोन, साधं पाणी उकळणाऱ्या प्रकारच्या भट्ट्या १९६९ साली सुरू झाल्या. त्या पिढीच्या इंधनाची दोन दुखणी जगभर सारखीच होती. गोळ्यांत ओलावा राहिला तर त्यातला हायड्रोजन झिर्कॅलॉयची (झिर्कोनियमच्या मिश्रधातूची) नळी आतून ठिसूळ करी. आणि भट्टीची शक्ती भरभर चढवली की गोळ्या फुगून नळीला रेटत, त्यात विखंडनातून निघालेलं आयोडीन धातू पोखरी. उपाय साधे निघाले: गोळ्या नीट वाळवणं, शक्ती टप्प्याटप्प्याने चढवणं. जड पाण्याच्या भट्ट्यांसाठी नळीला आतून ग्रॅफाइटचा पातळ थरही आला.

खरा घोळ मोजणीचा. २२० मेगावॉटच्या जड पाण्याच्या भट्टीत ३०६ चॅनेल (इंधन ठेवायच्या आडव्या नळ्या), प्रत्येकात १२ बंडल (कांड्यांचे जुडगे), बंडलमध्ये १९ पिना (कांड्या). म्हणजे ३,६७२ बंडल आणि ६९,७६८ पिना. एक पिन गळली, तर बंडलच्या हिशोबाने फेल्युअर ०.०२७ टक्के आणि पिनांच्या हिशोबाने ०.००१४ टक्के. घटना तीच, आकडा एकोणीसपट लहान! बाहेर काढावं लागतं ते अख्खं बंडल. त्यामुळे पिनांचा आकडा पुढे करणं मला जरा सोयीचंच वाटतं. तारापूरच्या त्या जुन्या भट्ट्यांच्या जुडग्यात मुळात ३६ कांड्या होत्या. भाजक काय धरला ते न सांगता दोन प्रकारच्या भट्ट्यांची तुलना केली, तर ती कशाची तुलना?

तपास हल्ली भट्टीतल्या पाण्यापासून सुरू होतो. झेनॉन-१३३ आणि आयोडीन-१३१ वाढलं की गळतीचा संशय येतो. सीझियम-१३४ आणि १३७ यांच्या प्रमाणावरून गळकी कांडी साधारण किती जळलेली आहे ते कळतं. जड पाण्याच्या भट्टीत विलंबित (विखंडनानंतर जरा उशिरा निघणारे) न्यूट्रॉन मोजून चॅनेल हुडकतात आणि भट्टी चालू असतानाच बंडल बदलतात. तारापूरच्या त्या पहिल्या दोन भट्ट्यांत ही सोय नाही. भट्टी बंद करून एकेक जुडगा सिपिंगने, म्हणजे त्यातून काय झिरपतं ते पाहून, तपासावा लागतो. नंतरच हॉट सेल (किरणोत्सारी वस्तू तपासायची बंदिस्त खोली), जाड काचेआडून कापाकापी. अलीकडे पाण्याबरोबर आलेली तारेची बारीक कातण हेही नेहमीचं कारण सापडतं.

तिथेही भिंगवाल्यांची एक फसगत ठरलेली. भोकातून वाफ आत शिरते, तिचा ऑक्सिजन भोकाजवळच वापरला जातो आणि उरलेला हायड्रोजन लांबवर जाऊन नळी दुसरीकडेच फोडतो. हॉट सेलमध्ये जी मोठी चीर आधी नजरेत भरते ती बऱ्याचदा ही दुसरी असते; पहिलं भोक तिच्यापासून बरंच दूर असतं.