सगळे मेल एकत्र: युनिफाइड फोल्डर आणि ग्लोबल इनबॉक्स यांत फरक काय?

स्वतःचं जीमेल, नोकरीच्या ठिकाणचं कंपनीच्या डोमेनवरचं खातं, आणि सोसायटीचं किंवा एखाद्या संस्थेचं काम अंगावर असेल तर तिसरं. ब्राउझरमध्ये तीन टॅब उघडून दिवसभर ये-जा करायची नसेल, तर कॉम्प्युटरवर थंडरबर्ड हा मेल वाचायचा-लिहायचा प्रोग्राम बसवणं हा चांगला मार्ग आहे. तो मोफत आहे आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतो. खाती जोडून झाली की पुढची इच्छा एकच उरते: तिन्हींचे मेल एका यादीत दिसावेत.

थंडरबर्डमध्ये ते दोन रस्त्यांनी होतं. एकाचं नाव युनिफाइड फोल्डर्स, दुसऱ्याचं ग्लोबल इनबॉक्स. पडद्यावरचा परिणाम जवळजवळ सारखाच दिसतो, म्हणून दोन्ही नावं एकमेकांच्या जागी सर्रास वापरली जातात. पण पहिल्यात मेल फक्त एकत्र दिसतात. दुसऱ्यात ते एकत्र साठवले जातात. डबे एकाच फळीवर शेजारी मांडणं आणि सगळे डबे एका पिंपात ओतणं, इतका हा फरक मोठा आहे, आणि तो कळतो तो बहुधा मांडणी बदलायची वेळ येते तेव्हाच.

आधी युनिफाइड फोल्डर्स. डावीकडच्या फोल्डरच्या पट्टीवर तीन टिंबांचं बटण असतं. त्यातल्या ‘फोल्डर मोड्स’मध्ये जाऊन ‘युनिफाइड फोल्डर्स’वर खूण केली की वर एक सामाईक इनबॉक्स येतो आणि त्याच्या पोटात प्रत्येक खात्याचा वेगळा इनबॉक्स दिसत राहतो. ड्राफ्ट्स, सेंट, ट्रॅश यांचंही तसंच. हा सामाईक इनबॉक्स म्हणजे खरं तर कायम चालू असलेला एक शोध आहे. थंडरबर्ड सगळ्या खात्यांचे इनबॉक्स चाळतो आणि सापडलेलं एका यादीत दाखवतो. डिस्कवर त्यासाठी एकही मेल हलत नाही. खूण काढली की यादी जाते आणि सगळं पूर्वी होतं तिथेच असतं. एखादं खातं या यादीत नको असेल तर सामाईक इनबॉक्सवर उजवं क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’मध्ये कोणते फोल्डर चाळायचे ते निवडता येतं. कामाचे मेल रविवारी नजरेसमोर नको असणाऱ्यांनी ही सोय जरूर वापरावी.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवायला हवी. यादी नुसती दाखवण्यापुरती असली तरी तिच्यातले मेल खरे आहेत. तिथून काढलेला मेल मूळ खात्यातूनच जातो, ‘ही फक्त प्रत असेल’ असं समजून साफसफाई करू नका.

ग्लोबल इनबॉक्सची जागा वेगळी आहे. तो अकाउंट सेटिंग्जमध्ये, त्या खात्याच्या ‘सर्व्हर सेटिंग्ज’खाली ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ बटणामागे असतो. तिथे थंडरबर्ड विचारतो, या सर्व्हरवरून उतरलेला मेल कुठे ठेवायचा? खात्याच्या स्वतःच्या इनबॉक्समध्ये, की ‘लोकल फोल्डर्स’च्या, म्हणजे कुठल्याच खात्याला न बांधलेल्या, कॉम्प्युटरवरच्या साठ्याच्या इनबॉक्समध्ये? दुसरा पर्याय निवडला की पुढे येणारा प्रत्येक मेल लोकल फोल्डर्समध्ये जाऊन पडतो. दोन-तीन खात्यांना हेच सांगितलं की त्या सगळ्यांचे मेल हार्ड डिस्कवरच्या एकाच साठ्यात जमा होतात.

खातं थंडरबर्डला जोडायच्या दोन पद्धती आहेत, पॉप आणि आयमॅप. हा पर्याय फक्त पॉप पद्धतीने जोडलेल्या खात्यांना मिळतो, आयमॅपने जोडलेल्यांना नाही. कारण या दोन पद्धतींच्या स्वभावातच आहे. पॉपला सर्व्हरवरचा एकच इनबॉक्स ठाऊक असतो; तिथून मेल उतरवून आणायचा आणि मूळ प्रत ठेवायची की पुसायची ते ठरवायचं, एवढंच त्याचं काम. १९८६ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात मार्क क्रिस्पिन यांनी आयमॅपची रचना केली ती उलट दिशेने: मेल सर्व्हरवरच राहावा आणि माणसाने कुठल्याही यंत्रावरून त्याच साठ्यावर काम करावं. फोल्डर, वाचलं-न वाचलं, उत्तर दिलं की नाही, हे सगळं आयमॅप सर्व्हरवर नोंदवतं. सर्व्हरवर राहणाऱ्या मेलला दुसऱ्याच जागी साठवायचा प्रश्नच येत नाही, म्हणून तिथे ग्लोबल इनबॉक्सही नाही.

मग हा पर्याय आहे तरी कशाला? थोडा इतिहास बघितला की उलगडा होतो. थंडरबर्ड १.० डिसेंबर २००४ मध्ये आला, तेव्हा पॉपचा वापर सर्रास होता आणि सगळे मेल एका ठिकाणी बघायचे तर एका ठिकाणी साठवणं हाच सरळ उपाय होता. खाती न मिसळता एकत्र दाखवणारी सोय डिसेंबर २००९ च्या ३.० आवृत्तीत आली. बऱ्याच जुन्या ऑफिसांत आजही ग्लोबल इनबॉक्सचीच मांडणी चालू असते, कारण एकदा कोणीतरी बसवून दिली आणि नंतर कोणी हात लावला नाही.

या मांडणीची पहिली अडचण फोनवर दिसते. कॉम्प्युटरवरून पाठवलेल्या उत्तराची प्रत लोकल फोल्डर्समध्ये राहते, सर्व्हरवर जात नाही. ग्राहकाला काय लिहिलं होतं ते बाहेर असताना बघायला गेलात तर फोनच्या सेंटमध्ये काहीच नसतं. कॉम्प्युटरवर वाचलेले मेल फोनवर न वाचलेलेच दिसतात. आणि पॉपच्या सेटिंगमध्ये ‘सर्व्हरवर प्रत ठेवा’ ही खूण नसेल तर मेल फोनवर पोहोचण्याआधीच कॉम्प्युटर तो उतरवून घेतो.

दुसरी अडचण जास्त घाबरवणारी आहे. चालू असलेल्या खात्याला ग्लोबल इनबॉक्समध्ये वळवलं की त्या खात्याचे जुने फोल्डर डाव्या पट्टीतून दिसेनासे होतात. इतक्या वर्षांचे मेल गेले असंच कोणालाही वाटेल. ते गेलेले नसतात. फाइली प्रोफाइलमध्ये, म्हणजे थंडरबर्ड मेल आणि सेटिंग्ज ठेवतो त्या फोल्डरमध्ये, जशाच्या तशा असतात, आणि सेटिंग पुन्हा ‘या खात्याच्या इनबॉक्स’वर आणलं की परत दिसतात. त्या क्षणी घाईघाईने खातं काढून टाकणं किंवा प्रोग्राम पुन्हा बसवणं, यानेच खरं नुकसान होतं. मुळात वळवण्याआधी जुने मेल लोकल फोल्डर्समध्ये हलवून घेतले तर हा प्रसंगच येत नाही.

तिसरी अडचण सुरक्षिततेची. सगळं एका डिस्कवर असेल आणि सर्व्हरवर प्रत नसेल, तर डिस्क गेली की सगळ्या खात्यांचे मेल एकदम गेले. आयमॅपमध्ये नवीन कॉम्प्युटर घेऊन लॉगिन केलं की सगळं परत उतरतं. अर्थात आयमॅप म्हणजे बॅकअप नव्हे. फोनवर चुकून पुसलेला मेल सर्व्हरवरून जातो आणि पुढच्या सिंकमध्ये कॉम्प्युटरवरूनही.

म्हणून पॉपला सरसकट नावं ठेवणं मला पटत नाही. छोट्या होस्टिंगवर मेलबॉक्सची जागा बेताची असते, आणि दर महिन्याला रेखाचित्रं किंवा स्कॅन केलेली बिलं येत असतील तर ती भरून नवीन मेल परत जायला लागतात. तिथे पॉपने मेल उतरवून सर्व्हर मोकळा ठेवणं ही खरी गरज आहे. पण तिथेही मेल मिसळायची गरज नाही, आणि हे फार थोड्यांच्या लक्षात येतं. युनिफाइड फोल्डर्स पॉपच्या खात्यांनाही तितकेच चालतात. पॉपची दोन आणि आयमॅपची दोन अशी चार खाती असली तरी सामाईक इनबॉक्समध्ये चारही येतात आणि प्रत्येकाचा साठा वेगळा राहतो. नवीन मांडणी करणाऱ्याने ग्लोबल इनबॉक्स निवडावा असं कारण मला आज दिसत नाही.

एकत्र यादीत काम करताना दोन सवयी लावून घ्या. यादीच्या वरच्या पट्टीत ‘अकाउंट’ हा स्तंभ चालू करा, म्हणजे मेल कुठल्या पत्त्यावर आला ते शेजारीच दिसतं. आणि नवीन मेल लिहिताना ‘फ्रॉम’ची ओळ बघूनच पाठवा. उत्तर देताना थंडरबर्ड मेल आलेलं खातं सहसा बरोबर निवडतो. कोरा मेल लिहिताना मात्र तुमच्या मनात कोणता पत्ता आहे ते त्याला कळणार कसं? सोसायटीच्या सभासदांना नोकरीच्या पत्त्यावरून थकबाकीची आठवण गेली तर दोन्हीकडे उत्तरं द्यावी लागतात.

जीमेल जोडताना पासवर्ड चालत नाही म्हणून गोंधळू नका. ३० मे २०२२ पासून गुगलने बाहेरच्या प्रोग्रामला नुसत्या पासवर्डवर आत घेणं बंद केलं. थंडरबर्ड गुगलचंच पान उघडतो, तिथे लॉगिन करून परवानगी द्यायची. शिवाय आयमॅपवर जीमेलचा ‘ऑल मेल’ हा फोल्डरही उतरतो, त्यामुळे इनबॉक्समधला मेल डिस्कवर दोनदा जागा खातो. त्या फोल्डरचं ऑफलाइन उतरवणं बंद केलेलं बरं.

जीमेलच्या आतच बाकीच्या खात्यांचे मेल पॉपने ओढून आणायची सोय बरेच जण वापरत आले. ती गुगल २०२६ मध्ये काढून घेत आहे, म्हणजे अशांनाही आता दुसरी मांडणी शोधावी लागेल.

आधीच ग्लोबल इनबॉक्समध्ये असाल आणि वेगळं व्हायचं असेल, तर काम सावकाश करा. थंडरबर्ड बंद करून त्याच्या प्रोफाइल फोल्डरची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्या. मग तोच पत्ता आयमॅपने नव्याने जोडा. पॉपने मेल उतरवताना थंडरबर्ड तो कुठल्या खात्याचा ते मेलच्या शीर्षभागात लिहून ठेवतो, त्यामुळे लोकल फोल्डर्सच्या इनबॉक्समध्ये ‘अकाउंट’ स्तंभावर क्लिक केलं की खात्याखात्याचे गट पडतात. सर्व्हरवर किती जागा आहे ते बघून थोडे थोडे मेल आयमॅपच्या फोल्डरमध्ये कॉपी करा. ‘मूव्ह’ नको, ‘कॉपी’च. प्रत्येक खेपेनंतर ब्राउझरमधून वेबमेल उघडून ते खरंच पोहोचलेत का ते तपासा. सगळे पोहोचल्यावरच पॉपचं खातं काढा, आणि काढताना ‘मेसेज डेटा’ पुसायचा का असं विचारलं जाईल तिथली खूण रिकामी ठेवा.