पार्श्वभूमी : प्रौढांना शिकवणारा माणूस आणि त्याची बदलती पदनामं

विदर्भातल्या गावात प्रौढांचा वर्ग घेणारा माणूस सरकारी कागदावर आधी अनुदेशक होता, मग स्वयंसेवक झाला, मग प्रेरक आणि आता पुन्हा स्वयंसेवक. शिक्षक मात्र त्याला कधी म्हटलं गेलं नाही. त्याचं काम चांगलं का होतं किंवा का ढेपाळतं, याची बरीचशी कारणं या पदनामांतच दडलेली आहेत.

सेवाग्रामच्या नई तालीमने, म्हणजे गांधीजींच्या शिक्षणयोजनेने, १९४५ मध्येच प्रौढांना शिक्षणाच्या कक्षेत आणलं होतं. सरकारी वर्ग मोठ्या प्रमाणावर निघाले ते २ ऑक्टोबर १९७८ नंतर. वयोगट १५ ते ३५, केंद्रात तीसेक जण, दहा महिन्यांची मुदत आणि अनुदेशकाला महिना ५० रुपये. १९८८ नंतरच्या साक्षरता मोहिमांत दहा जणांमागे एक स्वयंसेवक आला आणि मानधन गेलं. कलापथकांनी गावं जागवली, पण मोहीम सरली तशी शिकवणारी पोरं पांगली. २००९ च्या ‘साक्षर भारत’ योजनेत ग्रामपंचायतीमागे दोन प्रेरक नेमले, मानधन २००० रुपये. गडचिरोली त्या योजनेत होता. मानधन थकल्याच्या तक्रारी देशभर झाल्या आणि मार्च २०१८ मध्ये योजनाच थांबली. तोवर हात बसलेले प्रेरक घरी गेले.

आता ‘स्वयंसेवक’ या शब्दाचा गुंता. पुढच्या नव्या साक्षरता योजनेत शिकवणारा पुन्हा बिनमानधन स्वयंसेवक झाला. तिच्यासाठी २०२३ मध्ये राज्यात असाक्षरांच्या सर्वेक्षणाचं काम शाळेच्या शिक्षकांकडे आलं आणि शिक्षक संघटनांनी बहिष्कार टाकला. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ नुसार जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकांना अशैक्षणिक काम देता येत नाही. प्रशासनाचं म्हणणं, साक्षरता हे शैक्षणिकच काम. वाद ‘शैक्षणिक’ या एका शब्दावर अडला. माझ्या मते शिक्षकांची तक्रार रास्त होती. शिकवायला त्यांचा नकार नव्हता. दारोदार याद्या करणं म्हणजे शिकवणं नव्हे. आणि ज्या कामाला सक्ती लागते, त्याला स्वयंसेवा कशी म्हणायची?

वर्गातली अडचण मात्र शासन निर्णयात दिसत नाही. दिवाळीनंतर कापसाची वेचणी लागते. दिवसभर वेचून आलेल्या बाईची बोटं बोंडांच्या टोकांनी ओरबाडलेली असतात. पेन्सिल धरली की ‘क’चा गोल पूर्ण होत नाही. गावचाच शिकवणारा असेल तर त्या दिवशी पाटी बाजूला ठेवतो आणि तिच्याच वेचणीच्या किलोंचा हिशेब मांडायला घेतो. हे प्रशिक्षणात कुणी सांगत नाही. मेळघाटात कोरकू आणि गडचिरोलीतल्या एटापल्लीकडे माडिया बोलणाऱ्यांसमोर प्रमाण मराठीचं पुस्तक ठेवलं, की शिकवणाऱ्याला आधी भाषा पोचवावी लागते आणि अक्षर मागे राहतं. शिकवण्याच्या तासांचा हिशेब मात्र सगळ्यांना सारखाच.

१७ मार्च २०२४ ला राज्यात या वर्गांतल्या प्रौढांची १५० गुणांची परीक्षा झाली : वाचन, लेखन, संख्याज्ञान, प्रत्येकी ५०. तेव्हा गडचिरोलीत मोहफुलांचा हंगाम असतो, बाया पहाटेच रानात जातात. परीक्षेला दिवसभरात सोयीने येण्याची मुभा होती. वर्गाची वेळ मोहाप्रमाणे बदलण्याचं काम मात्र त्या बिनमानधन माणसावरच होतं.